रांगेच्या आधीची रांग : नाटकाचं तिकीट आणि क्रेडिट कार्ड

(माहुल गावात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत. प्रश्नोत्तरांपैकी निवडक भाग शेवटी दिला आहे.)



विषयाचं नाव वाचून दोघांनी मला दारातच विचारलं, की हे भाषण नाटकावर आहे की बँकेवर? मी म्हटलं, पूर्वी असा प्रश्न पडला नसता. नाटकाचं तिकीट नाटकाच्या थिएटरवर मिळायचं आणि कर्ज बँकेत. आता दोन्ही एकाच खिडकीवर मिळतात, आणि ती खिडकी तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. म्हणून नाटकाच्या समीक्षकाला आता बँकेची माहितीपत्रकंही वाचावी लागतात. मी ती वाचली. नाटकासारखीच वाचली, म्हणजे कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आणि काय बोलायचं टाळतंय, हे बघत वाचली.

आधी प्रकार काय आहे तो सांगतो. एखादा मोठा कार्यक्रम जाहीर होतो. तिकीटविक्रीची तारीख जाहीर होते. आणि त्याच पोस्टरवर खाली एक ओळ असते, की अमुक बँकेचं अमुक कार्ड असेल तर तुम्हाला दोन दिवस आधी तिकीट काढता येईल. याला म्हणायचं 'अर्ली ॲक्सेस' किंवा 'प्री-सेल'. आपण पूर्वविक्री म्हणू. सप्टेंबर २०२४ मध्ये दिलजीत दोसांझच्या दौऱ्याची तिकिटं निघाली तेव्हा एचडीएफसी बँकेच्या पिक्सेल कार्डवाल्यांना १० तारखेला खिडकी उघडली आणि बाकीच्या जगाला १२ तारखेला. पुण्याचा २४ नोव्हेंबरचा कार्यक्रम त्याच दौऱ्यातला. दिल्लीतल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीनं आयोजकांना नोटीस धाडली. तक्रार काय, तर विक्री दुपारी एकच्या ठोक्याला सुरू व्हायची ती एक मिनिट आधी सुरू झाली. एका मिनिटावरून कायद्याची नोटीस! आपण हसतो, पण त्या मुलीचं म्हणणं समजून घ्या. एक मिनिट म्हणजे किती, हे तिला नेमकं कळलं होतं. दोन दिवस म्हणजे किती, यावर मात्र कुणी नोटीस पाठवली नाही. कारण ते दोन दिवस नियमात बसलेले होते.

त्याच महिन्यात, २२ सप्टेंबरला, कोल्डप्लेची तिकिटं निघाली. कार्यक्रम नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. त्या दुपारी बुकमायशो बसलं. कंपनीनंच सांगितलं की एक कोटी तीस लाखांहून जास्त लोक आत शिरू बघत होते. तुमच्यातही असतील त्या रांगेत नंबर लागलेले. लाखांमधला नंबर. (हशा) आणि मग पुढच्या खेपेला हाच माणूस जेव्हा वाचतो की कार्ड घेतलंस तर ही रांग तुला लागणारच नाही, तेव्हा त्याला ते कर्ज वाटत नाही, सुटका वाटते. पूर्वविक्रीची जाहिरात इतकी परिणामकारक का, याचं उत्तर त्या दुपारी आहे. रांग जितकी असह्य, तितकी आधीची रांग मोलाची. आता यात मला कुठलाही कट दिसत नाही, पण एक हिशेब दिसतो. रांग सुधारण्यात कुणाचाच फायदा उरलेला नाही.

सिनेमाच्या तिकिटांना हे कार्डाचं प्रकरण चिकटून बरीच वर्षं झाली. आरबीएल बँकेचं बुकमायशोबरोबरचं कार्ड आहे, कोटकचं पीव्हीआरबरोबरचं कार्ड आहे. महिन्याला इतका खर्च करा, एक तिकीट फुकट. पण तिथे सवलत होती, पैशातली. मला शंभर रुपये स्वस्त मिळालं म्हणून तुमची खुर्ची गेली असं होत नव्हतं. पूर्वविक्रीत मुद्दा सवलतीचा नसतो, उलट बऱ्याचदा वार्षिक फी भरायची. मिळतो तो मुख्यतः वेळ. आणि तो वेळ बँकेनं कुठून आणला? तिच्याकडे काही तो तयार होत नाही. तो तुमच्या-माझ्या वेळातून कापून घेतलेला आहे. मी दोन दिवस आधी गेलो याचा अर्थ तुम्ही दोन दिवस उशिरा आलात, एवढाच होतो.

म्हणून मला त्या शब्दाबद्दलच बोलायचंय. 'अर्ली'. जाहिरातीत हा शब्द गोड असतो. लवकर उठणारा, लवकर येणारा, म्हणजे कष्टाळू माणूस. आपल्याकडे लवकर येण्याला नैतिक किंमत आहे. पहाटे येऊन रांगेत उभा राहिला, त्याला पहिली तिकिटं मिळाली, कुणाचं काही म्हणणं नसतं. तीच किंमत हा शब्द उचलून नेतो. पण कार्डवाला लवकर आलेला नसतोच. तो घरीच असतो. त्याच्यासाठी दार लवकर उघडलेलं असतं. मराठीत याला 'आधी येणं' नाही म्हणत, 'आत ओळख असणं' म्हणतात.

आता इथे थांबून एक कबूल करायला हवं. आपल्या मराठी नाटकाची जुनी खिडकी काही फार सोवळी नव्हती. ज्यांनी शिवाजी मंदिरला प्लॅन उघडतानाचे दिवस पाहिलेत त्यांना मी नवं काही सांगत नाही. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ चं. वर्तमानपत्रात जाहिरात यायची, अमुक वारी प्लॅन उघडणार. 'प्लॅन' हा आपला शब्द, बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. खुर्च्यांचा नकाशा छापलेला कागद, बुकिंगवाल्यासमोर टेबलावर, आणि हातात पेन. तिकीट गेलं की चौकटीवर फुली. तुम्ही जाळीतून वाकून बघायचं, 'ई रांगेत मधल्या दोन आहेत का हो?' तो म्हणायचा, 'कोपऱ्यातल्या घ्या, खांब आड येत नाही.' या संवादाचं वाङ्मयीन मूल्य कुणी मोजलेलं नाही. (हशा)

पण प्लॅन उघडायच्या आधीच पहिल्या दोन-तीन रांगांत काही फुल्या पडलेल्या असायच्या. निर्मात्याचे पाहुणे, पेपरवाले, पालिकेतले साहेब, कलाकारांचे नातेवाईक. आणि बुकिंगवाल्याचे स्वतःचे दोन-चार नेहमीचे. त्या फुल्यांना कुणी 'प्रिव्हिलेज' म्हणत नव्हतं, 'ठेवलेल्या सीटा' म्हणत. तेव्हा पूर्वी सगळे समान होते आणि आता बँकेनं विषमता आणली, असलं भाबडं विधान मी करणार नाही. फरक आहे तो वेगळा. ठेवलेल्या सीटांची थोडी लाज होती. त्या बाहेर लावलेल्या बोर्डावर लिहिल्या जात नव्हत्या. आज त्याच सीटा पोस्टरवर ठळक अक्षरात छापल्या जातात, आणि ज्याला मिळाल्या तो त्याचा फोटो टाकतो. आतली ओळख आता विकत मिळते, आणि विकत मिळते म्हटल्यावर लाज कशाची? एका अर्थी हे लोकशाहीकरण आहे, असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. विकत घ्यायला काय लागतं ते पुढे बघू.

जुन्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट होती तिचा उल्लेख राहून जातो. फोन बुकिंग. तुम्ही पब्लिक फोनवरून, शेजाऱ्यांच्या फोनवरून नाव सांगायचं, दोन खुर्च्या ठेवा. पैसे नाहीत, कार्ड नाही, ओळखपत्र नाही. खेळाच्या आधी ठरलेल्या वेळेत आलात तर तुमच्या, नाही आलात तर खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाच्या. ही नाटकवाल्यानं प्रेक्षकाला दिलेली उधारी होती, नुसत्या नावावर. व्याज शून्य. आज शब्द 'क्रेडिट' आहे, पण पत कुणाची कोण मानतो बघा.

आणि उधारीचा विषय निघालाच आहे तर मराठी रंगभूमीवर कर्ज ही काही परकी वस्तू नाही. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात येऊन तिकीट लावून खेळ करू लागली, तेव्हापासून नाटक आणि सावकार हातात हात घालून चाललेत. ८ जुलै १९२१ ला बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमान झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. दर त्या काळाच्या मानानं भलतेच चढे. ज्याच्याकडे पैसे होते तो गेला, ज्याच्याकडे नव्हते तो बाहेर राहिला, आणि बाहेर राहिलेल्यांनी पुढे पन्नास वर्षं आठवणी सांगितल्या. (हशा) तिथेही गरिबाला जागा नव्हती. पण दर उघड होता, आणि तो पैसा कुठे जाणार हेही उघड होतं.

त्याच बालगंधर्वांच्या डोक्यावर त्या काळात लाखाच्या घरातलं कर्ज होतं. गंधर्व नाटक मंडळीचं कर्ज. मखमलीचे पडदे, अत्तरं, शालू, पंगती. त्यांनी ते वर्षानुवर्षं गाऊन फेडलं. म्हणजे बघा, कर्ज काढायचं नाटक कंपनीनं, वैभव बघायचं प्रेक्षकानं. प्रेक्षक येताना खिशात असेल तेवढा पैसा घेऊन येई, पिटात बसायचा का पहिल्या वर्गात ते त्यावर ठरे, आणि घरी जाताना त्याच्यामागे काही बाकी नसे. ती रीत आता उलटी झाली आहे. मोठ्या कार्यक्रमाचा आयोजक बँकेकडून प्रायोजकत्व घेतो, पैसे आधीच त्याच्या हातात. आणि कर्ज? ते वाटून टाकलं जातं, बारा-बारा हजारांच्या तुकड्यांत, प्रेक्षकांच्या डोक्यावर. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा बदल हा आहे. रांग, मिनिटं, ॲप बसणं, हे सगळं वरचं.

बँकेला यातून काय मिळतं? नवीन गिऱ्हाईक मिळवणं हा कार्डाच्या धंद्यातला मोठा खर्च. स्टेशनाबाहेर टेबल टाकून टाय घातलेला मुलगा उभा करायचा, त्यानं दिवसभर 'सर, लाइफटाइम फ्री' म्हणायचं, त्यातून हातात यायची मोजकी माणसं. इथे हजारो माणसं स्वतःहून फॉर्म भरतात, तेही तरुण, शहरातली, हौशी, म्हणजे पुढची तीस वर्षं खर्च करणारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. त्यांतही एकेकाकडे तीन-तीन, चार-चार. म्हणजे देशातल्या फार थोड्या माणसांकडे ती आहेत, आणि प्रत्येक बँक त्याच माणसांच्या मागे आहे. मग हव्याहव्याशा वस्तूची खिडकी भाड्यानं घेण्यासारखा सोपा मार्ग नाही.

आयोजकाला काय मिळतं? खात्रीची विक्री, आधीचा पैसा, आणि 'काही मिनिटांत संपली' ही बातमी. आता या बातमीत एक बारीक गोम आहे. किती तिकिटं पूर्वविक्रीत गेली आणि किती सर्वसामान्य विक्रीला ठेवली, हे आपल्याकडे आयोजक सांगत नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनं जानेवारी २०१६ मध्ये याची चौकशी करून अहवाल काढला. मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांपैकी सरासरी ५४ टक्के तिकिटं सर्वसामान्यांच्या विक्रीला येतच नाहीत असं निघालं. ३८ टक्के पूर्वविक्रीत, म्हणजे बहुतांश कार्डवाले आणि फॅन क्लबवाले, आणि १६ टक्के आतल्या माणसांसाठी ठेवलेली. उरलेल्या ४६ टक्क्यांसाठी बाकी सगळं जग. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या दौऱ्याचं काय झालं? आधी नोंदणी केलेल्या चाहत्यांची विक्री, मग १६ तारखेला कॅपिटल वन बँकेच्या कार्डवाल्यांची, आणि १८ तारखेला सर्वांची. सर्वांची विक्री झालीच नाही. आदल्या दिवशी जाहीर केलं, रद्द. विकायला पुरेशी तिकिटंच उरली नाहीत. पूर्वविक्रीचं पोट इतकं मोठं झालं की त्यात विक्रीच गडप झाली.

आता माहुलकडे येतो. इथल्या मंडळींपुढे माहुलचं वर्णन करणं म्हणजे कोळ्याला भरती-ओहोटी शिकवणं. पण हे भाषण बाहेरचेही लोक ऐकणार आहेत म्हणून दोन वाक्यं. एका बाजूला खाडी, जेट्टी, हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला येणारे कॅमेरेवाले. दुसऱ्या बाजूला रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्या. आणि मध्ये प्रकल्पग्रस्तांची वसाहत, ७२ इमारती, १७ हजारांवर घरं. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडली तेव्हा कितीतरी कुटुंबांना इथे पाठवलं. इथल्या हवेत आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच मानलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं इथे जबरदस्तीनं पाठवायचं नाही असं सांगितलं, आणि जे जायला तयार नाहीत त्यांना महिना १५ हजार भाडं द्या असा आदेश दिला.

नाटकाच्या भाषणात हे कशाला, असं कुणाला वाटेल. सांगतो. क्रेडिट कार्ड मिळवायला काय लागतं? पॅन, आधार, पगाराची स्लिप किंवा आयकर विवरणपत्र, सिबिलचा आकडा, आणि पत्ता. सिबिलचा आकडा ३०० ते ९००. ज्यानं आजवर कर्जच घेतलं नाही त्याचा आकडाच तयार होत नाही. म्हणजे आयुष्यभर कुणाचं देणं ठेवलं नाही, हा गुण तिथे कोरा कागद धरला जातो. कंत्राटी कामगाराला स्लिप कोण देणार? पगार हातात येतो, तर कागद कुठून आणायचा? आणि पत्ता. बँकांच्या भाषेत 'निगेटिव्ह एरिया' म्हणून एक शब्द आहे. ज्या वस्तीत कर्ज द्यायचं टाळायचं, ती वस्ती. ती यादी जाहीर होत नाही. तुमचा अर्ज नामंजूर झाला तर 'आमच्या अंतर्गत धोरणानुसार' एवढंच येतं. ज्या माणसाला एकदा पत्त्यावरून उठवून दुसऱ्या पत्त्यावर टाकलं, त्याला तिसऱ्यांदा पत्त्यावरूनच सांगायचं, की बीकेसीतल्या नाट्यगृहाची खिडकी तुझ्यासाठी दोन दिवस उशिरा उघडेल. अंतराच्या हिशेबात माहुल बीकेसीच्या जवळ आहे. वरळीपेक्षा नक्की जवळ.

मघाशी म्हटलं ना, आतली ओळख आता विकत मिळते, आणि त्यासाठी काय लागतं ते बघू. ते हे. पैसे असून भागत नाही. पैसे नंतर देण्याची लायकी लागते. आणि ती लायकी दुसरं कुणीतरी ठरवतं.

उलट बाजूही सांगायला हवी. ज्यांना कार्ड मिळतं त्यांचं सगळं छान चालतं असं नाही. समजा पाच हजारांची दोन तिकिटं काढली. पाचशेच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे अकरा हजार आठशे. वर बुकिंगचा आकार, म्हणून बारा हजार धरू. बिल आलं. सगळं भरलंत तर व्याज नाही. पण बिलावर दुसरा एक छोटा, प्रेमळ आकडा असतो, 'मिनिमम ड्यू'. तेवढाच भरलात की ती बिनव्याजी सवलत गेली, व्याज तिकीट काढल्या दिवसापासून. महिना साडेतीन टक्के हा बाजारात अगदी रुळलेला दर. बारा हजारावर महिन्याला ४२० रुपये व्याज. त्या व्याजावरही १८ टक्के जीएसटी, साधारण ७६ रुपये. जवळपास ५०० रुपये महिना, मुद्दलाला हातही न लागता. वर्षाचा दर ४२ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ठरवलं होतं की ३० टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. तेव्हा ती कमाल मर्यादाही आता नाही. आमच्या नाटकांतला सावकार वही घेऊन, मिशीला पीळ देत यायचा, प्रेक्षक त्याला बघून हिस्स करायचे. हा सावकार 'अभिनंदन, तुम्ही पात्र आहात' असं म्हणत येतो. भूमिका लिहिणाऱ्यानं प्रगती केली आहे.

मराठी व्यावसायिक नाटकाला असलं कार्ड लागत नाही, हे इथे स्पष्ट करतो. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, आणि म्हणून आपल्या नाटकांचा वरचा दर बरीच वर्षं पाचशेच्या उंबरठ्यावर अडून बसलेला दिसतो. या एका कर-नियमानं मराठी प्रेक्षकासाठी जे केलं ते भल्याभल्या सांस्कृतिक धोरणांनी केलेलं नाही. तिकीट खिडकीवर मिळतं, यूपीआयनं मिळतं, बुकमायशोवर मिळतं, आणि आता प्रशांत दामल्यांनी 'तिकिटालय' काढलंय, त्यावरही मिळतं. म्हणजे मग आपण सुखरूप? मला तसं वाटत नाही.

कारण प्रेक्षक दोन तुकड्यांत वाटला जातोय. एक पाचशेपर्यंतचा, शनिवार-रविवारचा, विलेपार्ल्याच्या दीनानाथचा, मुलुंडच्या कालिदासचा, बोरिवलीच्या ठाकरे नाट्यगृहाचा. दुसरा हजारांतला, वातानुकूलित लॉबीतला. मोठं तंत्र, मोठा वाद्यवृंद, फिरता रंगमंच, परदेशातून आलेले संगीतनाट्याचे प्रयोग, हे सगळं दुसऱ्या बाजूला गेलं. नाटक करणाऱ्या मुलानं ते बघितलं पाहिजे. हौशी स्पर्धेत नेपथ्य करणाऱ्या, लाइट करणाऱ्या मुलाला तर ते बघण्याची गरज सर्वांत जास्त. परळच्या दामोदर हॉलमध्ये गिरणीतली माणसं स्वतः नाटक करायची, तेव्हा ती मोठ्या कंपन्यांची नाटकं बघूनच शिकलेली होती. मागच्या बाकावर बसून, पण त्याच थिएटरात. शिकणाऱ्याची आणि पैसेवाल्याची छत एक असणं, याला कलेच्या इतिहासात फार किंमत आहे. पूर्वविक्री ती छत वेगळी करते.

आणि रंगमंचावरचंही सांगतो, कारण शेवटी माझा धंदा तो आहे. नटाला पहिल्या चार रांगा दिसतात. मागचा अंधार. विनोद कुणाला कळला, कुणी मोबाईल काढला, कुणाला झोप आली, हे तो त्या चार रांगांवरून ओळखतो आणि पुढचं वाक्य त्या अंदाजानं टाकतो. त्या चार रांगा एका ठरावीक उत्पन्नगटाच्या, एका ठरावीक बँकेच्या झाल्या, तर नाटक नकळत त्यांच्याकडे बघून बोलू लागतं. न्यूयॉर्कमध्ये 'हॅमिल्टन' हे संगीतनाट्य तुफान चाललं, तिकिटं हाताला लागेनात, तेव्हा त्यांनी एक शहाणपणा केला. पहिल्या रांगेतल्या काही खुर्च्या रोज सोडतीनं, दहा डॉलरला दिल्या. दहा डॉलरच्या नोटेवर हॅमिल्टनचंच चित्र असतं, म्हणून तो आकडा. मागची नाही, पहिली रांग! हा नुसता दानधर्म नव्हता. नटांच्या समोर रोज नवी, उत्सुक, हरखलेली माणसं बसवायची ही दिग्दर्शकाची नजर होती. मुंबईतल्या श्रीमंत नाट्यगृहांना हे करायला काय अडचण आहे? दोन हजार खुर्च्यांतल्या वीस. सोडत काढा, आधार बघा, दुसऱ्याला विकता येणार नाही अशी अट घाला. बँकेचं नाव हवं तर त्या सोडतीला द्या. माझी हरकत नाही.

मुंबईतच सभासदांना आधी तिकिटं देणारी नाट्यगृहं आहेत. एनसीपीएमध्ये सभासदांचं बुकिंग आधी उघडतं. त्याला माझा विरोध कमी आहे. का? कारण सभासद वर्षभर येतो, रिकाम्या खुर्च्यांच्या प्रयोगांनाही येतो, त्याचं नातं त्या थिएटरशी असतं. त्याला आधी मान दिला तर तो येण्याचा मान आहे. कार्डवाल्याचं नातं बँकेशी असतं. तो उद्या क्रिकेटच्या तिकिटासाठी दुसरं कार्ड घेईल. तेव्हा 'आधी' देणंच वाईट असं मी म्हणत नाही. कुणाला आधी, आणि कशाबद्दल, एवढं विचारा.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, आमचा इथला ग्रुप एकांकिका करतो. मी लाइट्स करतो. मला एक मोठं म्युझिकल बघायचंय आणि बँकेचा कार्डासाठी फोन आलाय. घेऊ का नको, सरळ सांगा.

उत्तर : सरळ सांगतो. बिल पूर्ण भरण्याइतके पैसे आज खात्यात असतील तर घे. ते पैसे बाजूला काढून ठेव आणि बिलाच्या तारखेला आपोआप पूर्ण रक्कम जाईल असं बँकेला लिहून दे. मिनिमम नाही, पूर्ण. पगाराची स्लिप नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड असतं, ठेवीच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्के मर्यादा मिळते. पण आधी पूर्वविक्रीची तारीख बघ. कार्ड हातात पडेपर्यंत ती उलटून गेली तर तिकीटही नाही आणि कार्ड मात्र आहे. आणि लाइट्स बघायच्या असतील तर पहिल्या रांगेत बसू नकोस. बाल्कनीत बस. प्रकाशाची रचना वरूनच दिसते, आणि ती तिकिटं बहुधा सर्वांच्या विक्रीतही शिल्लक असतात.

प्रश्न : काका, कार्ड घेऊन तिकीट काढलं आणि मग कार्ड बंद केलं तर? बंद करतात का ते लोक?

उत्तर : करावंच लागतं, ताई. रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. बाकी शून्य असेल आणि तुम्ही बंद करायचा अर्ज दिलात, तर कामाच्या सात दिवसांत बंद केलं पाहिजे, नाहीतर बँकेनं तुम्हाला रोजचे ५०० रुपये द्यायचे. फोनवर ते गोड बोलून थांबवतील, म्हणून लेखी द्या, ईमेल करा, तारीख जपून ठेवा. न मागता कार्ड आलं असेल तर तेही नियमात बसत नाही. ते चालू करायचंच नाही.

प्रश्न : बुकिंगचा आकार लावायला सरकारनं बंदी केली होती ना?

उत्तर : सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटांबद्दल २०१३ आणि २०१४ चे आदेश होते राज्य सरकारचे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्द केले, सरकारला त्या कायद्याखाली तसा अधिकार नाही म्हणून. तेव्हा आकार राहणार. शक्य असेल तेव्हा थिएटरच्या खिडकीवर जा. दोन तिकिटांचे वाचलेले पैसे मध्यंतरातल्या बटाटेवड्याला पुरतात.

प्रश्न : आणि खिडकीवरचा माणूस म्हणाला की पहिल्या तीन रांगा गेल्या, तर?

उत्तर : तर त्याला विचारायचं, 'गेल्या, का ठेवल्यात?' (हशा) आणि खेळाच्या आधी अर्धा तास परत जायचं. ठेवलेल्यांतले सगळे येत नाहीत.